द्यायला लावणं आणि देऊ देणं

गेल्या महिन्यात मुलाच्या शाळेत नववीच्या पालकांची सभा झाली. विषय होता मुलांचे वाढदिवस. एकाने कॅफेत दहा जणांना नेलं की पुढच्याने पंधरा न्यायचे, एकाचं बिल दोन हजार झालं की दुसऱ्याचं तीन. ही चढाओढ थांबावी म्हणून शाळेने तोडगा मांडला: पार्टी बंद, त्याऐवजी प्रत्येक मुलाने वाढदिवसाला पाचशे रुपये शाळेत भरावेत, ते एका अनाथाश्रमाला जातील. अर्ध्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. उरलेल्यांचं म्हणणं, वय आहे मजा करायचं, करू द्या. दानधर्म पुढे जन्मभर आहेच. तासभर एका बाजूने 'संस्कार' आणि दुसऱ्या बाजूने 'स्वातंत्र्य' हे दोन शब्द एकमेकांवर आदळत राहिले. ज्यांच्या पैशांबद्दल आणि ज्यांच्या आनंदाबद्दल हे सगळं चाललं होतं, ती मुलं तेव्हा वरच्या मजल्यावर भूगोलाच्या तासाला बसली होती.

घरी येताना मला जाणवलं की भांडणाऱ्या दोन्ही गटांचं एका गोष्टीवर पूर्ण एकमत होतं. दुसऱ्यासाठी खर्च करायचा म्हणजे आपल्या आनंदाला कात्री लावायची, हे दोघांनीही धरूनच चाललं होतं. एका गटाला ती कात्री आत्ताच लावायची होती, दुसऱ्याला आणखी काही वर्षांनी. हे गृहीतकच मला मान्य नाही. दुसऱ्यावर पैसे खर्च करण्यात या वयाच्या मुलांना खराखुरा, स्वतःचा आनंद मिळतो असं मी मानतो. त्या आनंदाच्या आड मुलांचा स्वार्थ येत नाही, आपण मोठी माणसं येतो. कधी आपण त्यांना जबरदस्तीने द्यायला लावतो. आणि त्याहून कितीतरी जास्त वेळा त्यांना देऊच देत नाही.

या विषयावर आता बरंच संशोधन झालं आहे. एलिझाबेथ डन, लारा ॲकनिन आणि मायकल नॉर्टन यांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये ४६ जणांना सकाळी एकेक पाकीट दिलं. कुणाच्या पाकिटात पाच डॉलर, कुणाच्या वीस. निम्म्यांना सांगितलं, संध्याकाळी पाचच्या आत हे स्वतःवर खर्च करा. निम्म्यांना सांगितलं, दुसऱ्या कुणावर तरी खर्च करा. संध्याकाळी विचारपूस केली तेव्हा दुसऱ्यावर खर्च केलेले लोक जास्त आनंदात होते, आणि रक्कम पाच होती की वीस याने फरक पडला नव्हता. याच संशोधकांनी वेगळ्या लोकांना विचारलं की कुणाला जास्त आनंद झाला असेल. बहुतेकांचा अंदाज उलटा निघाला: वीस डॉलर आणि तेही स्वतःवर! आमच्या पालकसभेतही बहुतेकांनी हाच अंदाज बांधला असता. पुढे २०१३ मध्ये १३६ देशांतल्या सर्वेक्षणाची आकडेवारी तपासली गेली. त्यातल्या १२० देशांत, उत्पन्नाचा फरक विचारात घेऊनही, देणारे लोक आयुष्याबद्दल अधिक समाधानी असल्याचं दिसलं.

पण हे झालं बहुतांशी मोठ्यांचं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला हे जसंच्या तसं लागू करणं घाईचं ठरेल, आणि या वयाबद्दलचा पुरावा तितका सरळही नाही. व्हँकुव्हरमध्येच नऊ ते अकरा वर्षांच्या चारशेहून अधिक मुलांवर झालेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. चार आठवडे निम्म्या मुलांनी दर आठवड्याला आपल्या मनाने निवडलेली तीन भलाईची कामं करायची, बाकीच्यांनी तीन ठिकाणी फिरून यायचं. शेवटी दोन्ही गट आधीपेक्षा खूश होते. म्हणजे 'मजा करू द्या' म्हणणाऱ्या पालकांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. फरक दुसरीकडे पडला: भलाई करणाऱ्या मुलांना वर्गातली जास्त मुलं आपल्यात घ्यायला तयार झाली होती. ज्याने किशोरवय जवळून पाहिलं आहे त्याला याची किंमत सांगावी लागत नाही. डबा खायला कुणासोबत बसायचं, हा त्या वयातला सगळ्यात मोठा प्रश्न असतो.

ईव्हा टेल्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पंधरा-सोळा-सतरा वर्षांच्या मुलांवर केलेलं काम मला याहून महत्त्वाचं वाटतं. नमुना लहान होता, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत, पण दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. मुलांच्या मेंदूचे स्कॅन चालू असताना त्यांना आपल्या पैशातले काही घरच्यांना देण्याची संधी होती, आणि दुसऱ्या एका खेळात स्वतःसाठी जोखीम घेऊन पैसे कमावण्याची. घरच्यांना देताना ज्यांच्या मेंदूतला सुखाचा भाग जास्त जागा झाला, त्यांच्यातली नैराश्याची लक्षणं पुढच्या वर्षभरात कमी होत गेली. स्वतःच्या जोखमीच्या कमाईला ज्यांचा मेंदू जास्त प्रतिसाद देत होता, त्यांच्यात ती वाढली. इथे 'दुसरा' म्हणजे दूरचा गरीब नाही. आई, बाबा, बहीण. आपल्याकडे देण्याची गोष्ट निघाली की आपण थेट अनाथाश्रमापर्यंत पोचतो आणि घराचा उंबरठा मध्येच राहून जातो.

आता विरोधी बाजूचे मुद्दे घेतो. पहिला असा की या वयात स्वतःवर केलेला खर्च निव्वळ चैन नसतो. हे मला मान्य आहे. मुलगा विशिष्ट कंपनीचे बूट मागतो तेव्हा तो बुटांपेक्षा वर्गातली आपली जागा मागत असतो. लान नुएन चॅप्लिन आणि डेबोरा रोडर जॉन यांनी २००७ साली दाखवलं की वस्तूंची ओढ बालपणापासून बारा-तेरा वर्षांपर्यंत वाढते आणि पुढे सतरा-अठराच्या सुमारास उतरते, आणि तिचा थेट संबंध स्वतःबद्दल वाटणाऱ्या आदराशी असतो. तो आदर वाढला की ही ओढ कमी होते. म्हणून बूट मागणाऱ्या पोराला स्वार्थी म्हणणं अन्यायाचं आहे. आधीच डळमळलेल्या मुलाला आपण आणखी एक धक्का देतो. पण याच पुराव्याने दुसऱ्या गटाचंही समाधान होऊ नये. मूळ दुखणं 'मी कुणाच्या उपयोगाचा आहे का' हे असेल, तर बूट त्याच्यावर किती दिवस पुरतील? मित्राची तुटलेली सायकलची चेन स्वतःच्या पैशाने बसवून देणारा मुलगा त्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या हाताने मिळवत असतो. शिवाय या वयात 'स्वतःवर' आणि 'दुसऱ्यावर' ही रेघ आपण समजतो तेवढी ठळक नसते. चौघांत दोन वडापाव आणि एक कटिंग वाटून घेणारी मुलं कुणावर खर्च करत असतात?

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. जर्मनीतल्या बॉन इथे आर्मिन फाल्क आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात सहभागींसमोर दोन गोष्टी होत्या: १०० युरो स्वतःला, किंवा ३५० युरो भारतातल्या क्षयरुग्णांवर उपचार करणाऱ्या संस्थेला, म्हणजे साधारण एक जीव वाचवण्याइतकी रक्कम. शेवटी कुणाच्या वाट्याला काय येणार, यात नशिबाचा भाग ठेवला होता. सुरुवातीला ज्यांच्याकडून दान झालं ते जास्त आनंदी होते. महिन्याभराने मात्र ज्यांना स्वतःला पैसे मिळाले होते ते पुढे गेले. देण्याचा आनंद टिकतो असं सांगणाऱ्यांनी हा निष्कर्ष लपवू नये. मी तो वाचला तेव्हा अस्वस्थ झालो, आणि अजूनही त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे आहे असं म्हणत नाही. पण त्या देण्याचं स्वरूप पाहा. एकदाच केलेलं, मोठ्या रकमेचं, हजारो किलोमीटरवरच्या, कधीही न दिसणाऱ्या माणसासाठी. ज्याचा जीव वाचला तो या देणाऱ्याच्या महिन्याभरात कुठेच नव्हता. आणि हेच रूप शाळेच्या त्या पाचशे रुपयांचंही आहे: पावती मिळते, माणूस दिसत नाही. बॉनचा निष्कर्ष मला 'मुलांना देऊ देऊ नका' असं सांगत नाही. तो सांगतो की अशा प्रकारच्या देण्याकडून टिकाऊ आनंदाची अपेक्षा ठेवू नका.

तिसरा मुद्दा सभेत एका आजोबांनी फार नेमका मांडला. "दात घासायची सवय तरी आपण मुलांना विचारून लावली का? आधी जबरदस्ती, मग सवय, मग आवड." या युक्तिवादात दम आहे. त्याला बळ देणारा प्रयोगही सापडतो: २००७ साली अमेरिकेत १९ स्त्रियांच्या मेंदूचं चित्रण केलं गेलं, तेव्हा कराप्रमाणे सक्तीने पैसे कापून ते अन्नवाटप करणाऱ्या संस्थेला दिले तरी सुखाशी जोडलेले भाग काही प्रमाणात जागे झाले. म्हणजे सक्तीचं देणंही अगदी कोरडं नसतं. पण त्याच प्रयोगात आपल्या मर्जीने दिलं तेव्हा तो प्रतिसाद अधिक होता. आणि दात घासण्याची उपमा इथे एका कारणाने अडते: दात घासण्याची ओढ मुलात उपजत नसते, देण्याची मात्र असते. दोन वर्षांहून लहान मुलांवर झालेल्या एका प्रयोगात त्यांना बिस्किटं मिळाली तेव्हापेक्षा, त्यांनी ती एका बाहुल्याला दिली तेव्हा त्यांचे चेहरे जास्त फुललेले दिसले. आणि स्वतःच्या वाटीतलं काढून दिलं तेव्हा सगळ्यात जास्त. रांगणं नुकतंच सुटलेलं मूल आपल्या तोंडातलं ओलं बिस्किट काढून आजीच्या तोंडात कोंबतं, हे कोणत्या घरात घडलेलं नाही? जे आहेच ते लावण्यासाठी सक्ती कशाला? सक्तीने एवढंच होतं की देणं हे फी, दंड आणि प्रकल्पवही यांच्या रांगेत जाऊन बसतं.

मी स्वतः त्या रांगेत उभा राहिलो आहे. दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, १९४९ पासून. त्या निधीचं काम मोठं आहे, सैनिकांच्या कुटुंबांसाठी आहे, आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण आठवीत आमच्या वर्गात ज्यांनी पैसे आणले नव्हते त्यांची नावं मोठ्याने वाचली गेली आणि त्यांना उभं केलं गेलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाचे वडील त्या महिन्यात बिगारीला जात नव्हते, कारण त्यांचा पाय मोडला होता. तो उभा राहिला. मी पैसे दिले होते, म्हणून बसून होतो. देणारा म्हणून त्या दिवशी मला काय वाटलं असेल? लाज वाटली, एवढंच आठवतं. तो निधी कशासाठी आहे हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं.

महाराष्ट्राच्याच इतिहासात याहून चांगले नमुने आहेत. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला, त्याची कल्पना अशी की प्रत्येकाने एकच पैसा द्यायचा. इतका छोटा वाटा की देणाऱ्याला कुणापुढे मिरवता येऊ नये आणि कुणाला परवडत नाही असंही होऊ नये. त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. ज्याने पैसा दिला त्याला आपला पैसा कुठे गेला ते दाखवता येत होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंडासाठी गावोगाव घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा केलं. पण मला भाऊरावांकडून शिकण्यासारखं वाटतं ते पुढचं पाऊल. त्यांच्याआधी शिकायला शहरात आलेला गरीब मुलगा वार लावून जेवायचा: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पोट भरायचं, पण कुणाच्या ओट्यावर कोणत्या नजरेने पान वाढलं जायचं हे ती मुलं म्हातारपणीही विसरली नाहीत. साताऱ्याच्या वसतिगृहात भाऊरावांनी सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं आणि त्यांना राबायलाही लावलं. कमवा आणि शिका हे सूत्र तिथून रुजलं. घेणाऱ्या मुलाचा हातही त्यांनी देता ठेवला. आजच्या चर्चेत हा घेणारा कुठेच नसतो. अनाथाश्रमात जाऊन केक कापायचा, तिथल्या मुलांसोबत फोटो काढायचे आणि स्टेटसला ठेवायचे, यातून आपल्या मुलाला घटकाभर बरं वाटत असेलही. पण तिथला तेरा वर्षांचा मुलगा महिन्यात चार अनोळखी वाढदिवसांना टाळ्या वाजवतो, त्याच्या आनंदाचा हिशेब कुणी धरायचा? तोही किशोरवयीनच आहे. त्यालाही कुणाला तरी काहीतरी द्यावंसं वाटत असेल.

आता मला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट. आमच्या शेजारच्या मुलीने, ती तेव्हा चौदा वर्षांची होती, भाऊबिजेची ओवाळणी आणि खाऊचे पैसे साठवून साडेतीनशे रुपये जमवले होते. सहा वर्षं तिला शाळेत नेणारे रिक्षाकाका गावी परत निघाले होते. त्यांना पहाटे थंडी वाजते म्हणून तिला स्वेटर घ्यायचा होता. तिची आई प्रेमळ आहे, उदार आहे. तिने लगेच म्हटलं, "अगं, तू कशाला तुझे पैसे मोडतेस? आम्ही देतो ना!" आणि घरातर्फे चांगला सातशेचा स्वेटर आला, वर मिठाईचा पुडा. काकांनी सगळ्यांचे आभार मानले. यात कुणाचं काय चुकलं असं कुणीही विचारेल. मला वाटतं, त्या मुलीच्या हातून एक गोष्ट निसटली जी पुन्हा तशी येणार नव्हती. मध्यमवर्गीय घरांत पैसा आता फक्त वरून खाली वाहतो. मुलांनी घ्यायचं, आपण द्यायचं. पोराने स्वतःच्या पैशातून आजीला औषध आणलं तरी आपण संध्याकाळी ते पैसे त्याच्या हातावर परत ठेवतो, आणि आपल्याला वाटतं हेच प्रेम. मग हीच मुलं घेण्याशिवाय काही जाणत नाहीत म्हणून पालकसभेत तक्रार करायचा आपल्याला काय अधिकार?

फोनवरच्या पैशाने यात भर घातली आहे. पूर्वी दहाची नोट मुलाच्या खिशात गेली की ती त्याची असायची. तिचं काय झालं हे फक्त त्याला ठाऊक असायचं. आता मुलाने पालकांच्या यूपीआयवरून पंचवीस रुपये दिले तरी त्याच क्षणी बाबांचा फोन वाजतो. सुरक्षेसाठी हे हवं, मी नाकारत नाही. पण गुपचूप दिलेल्या गोष्टीची एक वेगळी गोडी असते. मैत्रिणीकडे परतीच्या बसला पैसे नव्हते म्हणून दिले, हे घरी सांगायची वेळ आली की मैत्रिणीची अडचण उघडी पडते. म्हणून काही मुलं द्यायचंच टाळतात. महिन्याला शंभर-दोनशे रुपये रोख, ज्यांचा हिशेब कुणी मागणार नाही, एवढं आपल्याला सोसवणार नाही का?

हा सगळा सुखवस्तू घरांचा प्रश्न आहे, असं कुणी म्हणेल. अर्धं खरं आहे. ज्या घरात पॉकेटमनी हा शब्दच नाही तिथलं किशोरवय वेगळं असतं. पण तिथली मुलं देत नाहीत असं थोडंच आहे? दिवाळीच्या सुट्टीत दुकानात उभं राहून मिळालेल्या पैशातून धाकट्या बहिणीच्या वह्या घेणारी मुलं मी पाहिली आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रयोगात तर ज्यांच्यापैकी काही जणांना वर्षभरात कधी ना कधी अन्नासाठी पैसे कमी पडले होते, अशांनाही रुग्णालयातल्या आजारी मुलासाठी खाऊची पिशवी घेताना, तीच पिशवी स्वतःसाठी घेण्यापेक्षा जास्त बरं वाटलं. मात्र इथे मी एक रेघ ओढतो. ज्या मुलाची कमाई घर चालवायला लागते, त्याला आपण 'देण्याचा आनंद' सांगू नये. ते ओझं आहे, आणि ते त्याच्या खांद्यावरून उतरवणं हे समाजाचं काम आहे. निवड नसेल तिथे आनंदाचं नाव घेणं क्रूरपणा होईल.

शाळेला मी पत्र लिहिलं आहे. त्यात मागणी लहान आहे: पाचशे रुपयांची नोटीस मागे घ्या. प्रत्येक वर्गात एक डबा ठेवा, त्यात कुणी किती टाकले, टाकले की नाही, याची नोंद नको. त्या पैशांचं काय करायचं हे मुलांनी ठरवावं, आणि ते काम त्यांनी स्वतः जाऊन करावं. ते शिपाईमामांच्या मुलीची पुस्तकं घेतील किंवा शाळेमागच्या कुत्र्यांना लस टोचून घेतील. कदाचित सगळ्यांसाठी भेळ आणतील; आणली तर आणू द्या. पुढच्या वेळी त्यांना दुसरं काही सुचेल. अजून उत्तर आलेलं नाही.

शेजारच्या त्या मुलीचे साडेतीनशे रुपये अजून तिच्या कंपासपेटीत घडी करून ठेवलेले आहेत. परवा मी विचारलं, त्यांचं काय करणार. म्हणाली, "काही नाही काका, असेच आहेत."